पेंढ्याचा ताप

वसई तालुक्यात, आणि त्यातही पापडीत, राहणाऱ्या मनुष्यास शेतीविषयी मत नसणे ही गोष्ट जवळजवळ बेकायदेशीर आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी फिरंग्यांचा वसईचा किल्ला सर केला, पुढे पेशवाई बुडाली, इंग्रज आला, आगगाडी आली, आगगाडीतून मुंबईची माणसे आली, त्यांच्या निवाऱ्यासाठी केळीच्या बागा आणि पानवेली जाऊन त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, रहाटाच्या विहिरींवर लोखंडी जाळ्या बसल्या. परंतु येथील माणसाच्या मनातली वाडी मात्र कोणाही आक्रमकास आजतागायत जिंकता आलेली नाही. ज्याच्या आजोबांनी वाडी विकून टाकली तो गृहस्थ तर या विषयावर विशेष अधिकारवाणीने बोलतो, कारण त्याच्या वाडीला आता कीड लागण्याचा संभव उरलेला नसतो.

अशा या परगण्यात भाताचा पेंढा कुजवून त्यात वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची रोपे वाढविण्याचा संकल्प मी सोडला, आणि तोही एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात सोडला. निवृत्त माणसाने काय करावे याबद्दल शास्त्रात अनेक मते आहेत. पैकी तीर्थयात्रा हे स्वस्तात पडले असते असे आमच्या कुटुंबाचे मत आहे.

संकल्पाचे निमित्त क्षुल्लक होते. भाजीची रोपे हल्ली मातीच्या वाफ्यात वाढत नाहीत. काळ्या प्लॅस्टिकच्या, ९८ किंवा १०४ खळग्यांच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एकेक बी अशी त्यांची स्वतंत्र बिऱ्हाडे असतात, आणि त्या बिऱ्हाडांत माती नसून कोकोपीट असते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा. तो दाबून त्याच्या पाच-पाच किलोंच्या विटा पाडतात आणि त्या थेट तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या बाजूने आमच्याकडे येतात. ज्या किनाऱ्यावर माड उभे आहेत, त्या किनाऱ्याने नारळ खावेत, सोडणे फेकून द्यावीत आणि भुसा मात्र दुसऱ्या प्रांतातून मागवावा, हे मला काही केल्या पटेना. विलायतेत याच कामासाठी दलदलीतले पीट खणून काढीत आले आहेत, जे साठते वर्षाकाठी जेमतेम एक मिलिमीटर आणि उपसले जाते मात्र यंत्राने. आणि इकडे आमच्याच तालुक्याच्या पूर्वेस, पारोळ-कामणच्या बाजूला, दिवाळीच्या सुमारास भात झोडून झाले की पेंढ्याचे भारेच्या भारे पडलेले असतात; त्यांतले काही गुरांच्या पोटात जातात, काही आंब्याच्या पेट्यांत जातात आणि उरलेले पुढच्या पावसाची वाट पाहतात. त्यांची विचारपूस कोणी करीत नाही. ती मी करण्याचे ठरविले.

पेंढा विकत घेणे सोपे, कारण त्याला किंमत फारशी नसते; तो घरी आणणे अवघड, कारण त्याला वजन नसले तरी आकारमान असते. टेम्पोत भरलेला माल टेम्पोपेक्षा दुप्पट दिसत होता. वसई स्थानकाजवळच्या नित्याच्या खोळंब्यात आमचे वाहन उभे असता दोन गाईंनी त्याची प्राथमिक तपासणी केली आणि माल पसंत पडल्याचा अभिप्रायही जागच्या जागी नोंदविला. पापडीच्या तळ्यावरून वळताना मागचा एक भारा सुटून एका स्कूटरस्वाराच्या मांडीवर स्थानापन्न झाला. त्या सज्जनाने तो परत आणून दिला, आणि जाता जाता, पेंढा ओला करून मगच रचावा, कोरडा रचल्यास आतून कुजत नाही, असा सल्लाही दिला. त्याच्या आजोबांची, अर्थातच, वाडी होती.

संस्थेच्या फाटकात चिटणीस उभे होते.

"म्हैस केव्हा येते?" त्यांनी विचारले.

"म्हैस नाही. खत करायचंय."

"अहो, पण खत म्हैसच करते ना?"

या युक्तिवादास माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर पुढील मजकूर झळकला: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेच्या आवारात गुरेढोरे व तत्सम जनावरे, तसेच त्यांची वैरण, बाळगण्यास सक्त मनाई असून, याबाबत कसूर करणाऱ्या इसमाविरुद्ध योग्य ती तजवीज करण्यात येईल.’ आमच्या चिटणिसांची हयात एका सरकारी दफ्तरात बारनिशी सांभाळण्यात गेलेली असल्यामुळे त्यांची साधी सूचनादेखील जप्तीच्या हुकुमासारखी वाचावी लागते. मी तत्काळ लेखी खुलासा सादर केला. त्यात पेंढा हा वैरण नसून कच्चा माल आहे, तो यथावकाश कुजून निरुपद्रवी होईल, आणि प्रस्तुत अर्जदार स्वतः शाकाहारी असला तरी पेंढा खात नाही, या तिन्ही बाबी स्वतंत्र कलमे पाडून मांडल्या होत्या. कार्यकारी मंडळाची तातडीची सभा झाली.

सभेत मी थोडे ज्ञान पाजळले, हे खरे. मी सांगितले की, पुसदच्या पांढरीपांडे यांनी, ज्यांना सारा महाराष्ट्र नाडेपकाका म्हणून ओळखतो, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधून, टनावारी काडीकचऱ्याला अवघे शंभर किलो शेण लावून, तीन-चार महिन्यांत उत्तम खत करून दाखविले आहे. तेव्हा गच्चीवर तसे एक टाके बांधण्यास परवानगी असावी. ‘टाके’ आणि ‘बांधण्यास’ हे दोन शब्द एका वाक्यात येताच खजिनदारांनी ‘अनधिकृत बांधकाम’ असा शेरा मारला. वसई-विरारच्या हवेत हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की, लहान मुलाने वाळूचा किल्ला केला तरी शेजारी आधी नकाशा मंजूर आहे काय ते विचारतात. टाक्याचा ठराव एकमताने नामंजूर झाला. परंतु इमारतीच्या मागे, जाळी बसविलेल्या जुन्या विहिरीच्या कडेला, नुसता ढीग रचण्यास ‘दुर्गंधी न येण्याच्या अटीवर व पुढील हुकूम होईपर्यंत’ मुभा मिळाली.

ढीग रचणे हे काम वाटते तितके प्राकृत नाही. भाताच्या काडीवर निसर्गाने मेणाचा लेप चढविला आहे आणि तिच्या अंगात वाळूतली सिलिका भरली आहे. त्यामुळे तिच्यावर कितीही पाणी ओतले तरी ते ओघळून विहिरीच्या कट्ट्यावर जाते आणि काडी जशीच्या तशी कोरडी राहून आपल्याकडे पाहत राहते. म्हणून ती कोयत्याने बोटाएवढी तोडावी लागते आणि रात्रभर भिजत घालावी लागते. भिजत घालण्यास पिंप नव्हते. आमच्या घरी एक मोठे पितळी घंगाळ होते, जे लग्नात माहेरून आल्यामुळे त्याच्या वापराबाबतचे सर्व हक्क एका बाजूने राखून ठेवलेले होते. तो इतिहास मी येथे सांगणार नाही.

शिवाय पेंढ्यात कर्ब उदंड आणि नत्र अत्यल्प. एक भाग नत्राला साठ ते ऐंशी भाग कर्ब, असे त्याचे विषम प्रमाण असते, आणि ते कुजविणाऱ्या सूक्ष्म जिवांना पंचवीस-तीसच्या वर मानवत नाही. ही तूट भरून काढायची तर शेण हवे. ते जवळच्या तबेल्यातून पाटीने आणण्याचे ठरले. आणि ते आणताना रिक्षावाल्याशी जो संवाद झाला त्यातून शेण या पदार्थाविषयी भारतीय संस्कृतीतील पूज्यभाव रिक्षाच्या आसनापर्यंत पोहोचलेला नाही एवढे निष्पन्न झाले. कोणीतरी गूळ आणि बेसन घातल्यास जंतू जोमाने वाढतात असेही सुचविले. त्या रविवारी आमच्याकडे पिठले होणार होते. ते झाले नाही.

आता ढिगाचे दुर्दैव असे की, तो उघड्यावर असतो. घरातल्या कपाटाविषयी कोणी मत देत नाही. पण उघड्यावरच्या ढिगाजवळून जाताना थांबून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान किंचित तिरकी करून बोलण्याचा मोह पापडीच्या मनुष्यास आवरत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर ढिगाच्या हजेरीला येत.

"आमच्या आजोबांच्या काळी," ते म्हणत, "पेंढ्याचे असे लाड नसत. शेण, पाचोळा, गवत पसरायचे आणि खुशाल पेटवून द्यायचे. त्याला राब भाजणे म्हणत."

"आणि रोपे?"

"तरारून येत. तण नाही, कीड नाही."

"मग आपण पेटवू या का?"

"छे! प्रदूषण होतं," मास्तर म्हणाले आणि ढिगाकडे अत्यंत नापसंतीने पाहू लागले, जणू तो पेटत नाही हा त्याचाच दोष आहे.

मी त्यांना सांगितले की, ही न जाळता कुजविण्याची विद्याही काही परकी नाही. इंदूरला, होळकरांच्या राज्यात, १९२४ साली जी वनस्पतिसंस्था निघाली तिथे अल्बर्ट हॉवर्ड या साहेबाने काडीकचरा, शेण आणि मूत्रमाती यांचे थर रचून, ठरावीक अंतराने ढीग उलटून, तीन महिन्यांत खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसविली. १९३१ साली तिच्यावर पुस्तक निघाले, आणि त्यावर साहेबाच्या नावाशेजारी यशवंत वाड हे अस्सल मराठी नाव छापलेले आहे. मास्तरांनी क्षणभर विचार केला. "वाड म्हणजे कुठले? कोकणातले असणार," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून ढिगाविषयीचा त्यांचा विरोध निम्म्यावर आला.

विरोध निवळला त्याची फळे मात्र भयंकर होती, कारण विरोधक नुसते बोलतो, हितचिंतक हातभार लावतो. तळमजल्यावरच्या एका हितचिंतकाने वसईच्या जुन्या केळीबागांत मासळीचे खत घालीत असत ही गोष्ट आठवून, कोणास न सांगता, रात्रीच्या वेळी, बोंबलांची आणि मांदेल्यांची डोकी ढिगाच्या पोटात पुरली. पहाटे पापडीतील समस्त मार्जारवर्ग विहिरीच्या कट्ट्यावर सभेस हजर होता. दुर्गंधीच्या अटीचा भंग झाल्याची नोंद चिटणिसांनी घेतली, मांजरांना समज देण्यात आली, आणि हितचिंतक स्वतः त्या गर्दीत उभे राहून ‘हे कोणी केलं असेल?’ असे मोठ्या कळकळीने विचारीत होते.

नंतर ढिगाला ताप आला. हे अलंकारिक बोलणे नव्हे. जमलेल्या ढिगाच्या पोटातली उष्णता पंचावन्न-साठ अंशांपर्यंत चढते, आणि चढलीच पाहिजे, कारण त्याखेरीज तणांचे बी आणि रोगांचे जंतू मरत नाहीत. ती मोजण्यासाठी माझ्यापाशी घरातला आकड्यांचा थर्मामीटर होता. माणसाच्या तापासाठी केलेले ते यंत्र बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पलीकडे मनुष्य उरत नाही अशा समजुतीने बनविलेले असते; ढिगात खुपसताच ते किंचाळले, पडद्यावर एक इंग्रजी अक्षर उमटले आणि नंतर त्याने कायमचे मौन धारण केले. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर दवाखान्यात निघाले होते.

"काय, किती आहे?"

"मोजता येत नाही इतका."

"घाम येतोय का?"

मी वरची काडी उचलून दाखविली. आतून पांढरी वाफ निघाली आणि पावसाळ्यातल्या रानासारखा वास आला. काडीवर राखेसारखी पांढरी बुरशी धरलेली होती आणि बोटाने दाबताच ती मधोमध तुटली. "वाचेल," डॉक्टर म्हणाले आणि फी न घेता निघून गेले. पुढे नातवाला सर्दीताप आला तेव्हा तो थर्मामीटर कुठे आहे याची जी चौकशी झाली, तिच्यात माझा जबाब दोन वेळा घेण्यात आला.

ताप उतरला तसा ढीग खचू लागला. कमरेएवढा होता तो गुडघ्याशी आला. ही कुजण्याची नैसर्गिक परिणती आहे. कर्बाचा मोठा हिस्सा वायुरूपाने निघून जातो आणि मागे थोडेसे काळेभोर खत उरते. परंतु खजिनदारांच्या मते, ज्या वस्तूचा साठा कोणी न नेता निम्म्यावर येतो त्या व्यवहारात अफरातफर असलीच पाहिजे. रखवालदारास बोलावण्यात आले. तो म्हणाला, "साहेब, पेंढा चोरून मी ठेवू कुठे?" हा प्रश्न सभेपुढे आल्यावर सर्वांनाच निरुत्तर व्हावे लागले, तरीसुद्धा ‘उर्वरित ढिगाची मोजदाद करून नोंद ठेवावी’ असा ठराव झाला आणि शिंप्याकडच्या फितीने माझ्या खताची छाती व कंबर मोजण्यात आली.

याच सुमारास अध्यक्षांचा धीर सुटला. त्यांना आवारातल्या कुंड्यांत टोमॅटो हवे होते आणि तेही सुनेचे माहेरचे लोक येण्यापूर्वी. खत अजून अर्धे कच्चे आहे, काडी काडी दिसते आहे, असे मी विनवून सांगितले. परंतु अध्यक्षपदाला घाई असते. त्यांनी घमेलेभर उचलून नेले, त्यात बी टाकले, बी उगवले, आणि आठवड्याभरात सारी रोपे कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली. कच्च्या पेंढ्यातले जंतू स्वतःच नत्राचे भुकेले असतात. पंगत बसायच्या आधी आचाऱ्यांनीच जेवून घ्यावे तसा प्रकार होतो आणि रोपांच्या पानात काही पडत नाही. अध्यक्षांनी प्रथम बियाण्याला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, मग सुनेच्या माहेरच्यांना.

खत पिकले की नाही हे पाहण्याची एक निर्दोष कसोटी आहे. खत पाण्यात कालवून गाळून घ्यावे, एका वाटीत त्या पाण्यावर आणि दुसऱ्या वाटीत साध्या पाण्यावर मूग भिजवून दोन्हींना मोड सारखे येतात काय ते पाहावे. खत कच्चे असेल तर पहिले मूग मागे राहतात. मी मोठ्या काटेकोरपणे दोन्ही वाट्यांवर चिठ्ठ्या लावल्या, फडके झाकले आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात मुगाची उसळ होती. उसळ फर्मास झाली होती. पण ती कोणत्या वाटीतली, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला कायमचे अंतरले. मात्र कोणाचेही पोट बिघडले नाही, यावरून खत पिकले असे मी गृहीत धरले. आमच्या कुटुंबाने काय गृहीत धरले ते, चिठ्ठ्या वाचल्यानंतर, मला ऐकावे लागले.

मग चाळणी. खत चाळून घेतल्यावर ते चहाच्या भुकटीसारखे दिसते आणि त्यास मातीचा सुखद वास येतो. त्यात मी निम्मे कोकोपीट मिसळले. होय, तेच पोल्लाचीचे. स्वाभिमानाने खळगे भरता येतात, पण नुसते पेंढ्याचे खत भरले तर ते पाणी घातल्यावर दबून बसते, आणि पेंढ्यातले पालाशाचे क्षार कोवळ्या मुळांना झोंबतात, तेव्हा स्वावलंबनाचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर स्थिर करावे लागले. इतर अनेक राष्ट्रीय चळवळींच्या मानाने हे वाईट नाही.

वैशाख सरताना पेरणी केली. वांग्याचे बी तिळाएवढे, टोमॅटोचे त्याहून हलके आणि लवयुक्त. चष्मा नाकावर ओढून, श्वास रोखून, एकेका खळग्यात एकेक बी टाकीत असता तिसऱ्या ओळीपाशी मला शिंक आली. त्यामुळे काही खळग्यांत चार-चार, काहींत शून्य आणि काही बी माझ्या मिशांत, असे जे वाटप झाले ते बरेचसे आमच्या पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाशी मिळतेजुळते होते.

रोपे मात्र वर आली. दोन दले फुटली, मग खरे पान दिसले, आणि सारी इमारत त्यांच्यावर लोभ करू लागली. लोभाचा अर्थ पाणी. सकाळी मास्तर फिरायला जाताना थोडे शिंपीत, डॉक्टरांच्या पत्नी पूजेचे निर्माल्य विसर्जित करताना तांब्याभर घालीत, रखवालदार आपल्या गाडीवर मारताना नळीचा एक फवारा तिकडे वळवी, शाळेतून येणारी मुले बाटलीतले उरलेले ओतीत. आणि चिटणीस, ज्यांनी या रोपांच्या आगमनाविरुद्ध दोन सूचना काढल्या होत्या, ते रात्री, कोणी पाहत नाही अशा बेताने, गडूभर आणीत. एवढ्या मायेत रोप जगत नाही. मातीलगत त्याचे देठ दोऱ्यासारखे बारीक होते आणि ते आडवे पडते. शेतकरी याला रोपांची कोलमड म्हणतात. एका ट्रेमध्ये अर्धी अधिक रोपे आडवी झालेली पाहून सर्वजण भोवती जमले, हळहळले, आणि मास्तर म्हणाले, "उन्हाने सुकली बिचारी. पाणी घाला कोणीतरी."

उरलेल्या ट्रेना मी ओट्याखाली आसरा दिला, तेथून खिडकीत, खिडकीतून विहिरीच्या कट्ट्यावर, असे भूमिगताचे आयुष्य त्यांनी काढले, आणि पहिला पाऊस पडण्याच्या बेतात ती वीतभर उंच, जाड देठाची, लागवडीस योग्य अशी झाली. खळग्यातून रोप उपसले की खताचा काळा गोळा मुळांच्या पांढऱ्या जाळीसकट अखंड बाहेर येई. आता एवढी रोपे लावायची कुठे, हा मुद्दा आजवर कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. सभासदांना फुकट देऊ केली, तेव्हा कळले की ज्यांच्या आजोबांच्या वाड्या होत्या त्यांच्यापैकी एकाच्याही घरी कुंडी नाही.

तेव्हा मी ट्रे घेऊन पापडीच्या बाजारात गेलो. तिथे गोण्यांवर भाजी मांडून बसणाऱ्या, पलीकडे अजून खरीखुरी वाडी राखून असलेल्या एका वयस्कर बाईंपुढे मी उभा राहिलो. त्यांनी एक रोप उपसले, गोळा नाकाशी नेला, दोन बोटांत किंचित चुरडला.

"पेंढ्यातली काय?"

मी थक्क झालो. "होय मावशी. तुम्हाला कसं कळलं?"

"काडी दिसते ना इथे एक. नीट चाळलं नाहीत. कितीला?"

"पैसे नकोत हो. अशीच घेऊन जा."

त्यांनी रोप पुन्हा खळग्यात ठेवले आणि ट्रे माझ्याकडे सरकवला. "फुकटची नकोत. काहीतरी खोट असते."

"बरं, दोन रुपयाला एक."

"दोन?" त्या शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस, पेंढा विकायला आलेत." मग माझ्याकडे पाहून, "रुपयाला एक. आणि मेलेली धरणार नाही."

बराच वेळ घासाघीस झाली. अखेरीस रुपयाला एक या दराने, मेलेली वगळून, सौदा ठरला. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, नोटा मोजल्या, एक परत आत ठेवली, आणि मी रोपे काढून द्यायला वाकलो तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या,

"राहू द्या हो काका, उपसताय कशाला? ट्रे त्यातच आला ना?"